‘कै.’ लावू नका

दादा,

तुझ्या नावाआधी शेवटी ‘कै.’ लागलंच. तू गेल्याचं कळल्यावर तासाभरात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, आणि पहिलंच अक्षर ते. ‘कै. श्रीरंग यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी अजून हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये होते. मशीन माझं कार्ड घेत नव्हतं, मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवत होता, आणि तू तिकडे कैलासावर पोचलासुद्धा होतास.

तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. न्यू लिनच्या तुमच्या किचनमध्ये तू फोनवर पुण्याचा पेपर चाळत होतास आणि निधनवार्तांच्या पानावर अडकला होतास. “वैजू, हे बघ. कै., कै., कै. सगळे एकाच पत्त्यावर. एवढी वस्ती झालीय त्या डोंगरावर, ड्रेनेजचं काय करत असतील गं?” जन्मभर सांडपाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग्ज काढणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! मेधावहिनी म्हणाली, “शुभ बोल रे.” तू म्हणालास, “शुभच बोलतोय. मी गेलो की मला कै. लावू नका. मी कैलास पाहिलेला नाही. न पाहिलेल्या ठिकाणी मी राहायला जात नाही, आणि न पाहिलेलं काढतही नाही.”

आम्ही हसलो. वहिनीने तुझ्या पुढ्यातली पोह्यांची रिकामी बशी उचलली आणि विषय संपला. लोक काय तू गेल्यावर त्याची आठवण ठेवणार आहेत, असं तुला वाटलं होतं का? मीसुद्धा नव्हती ठेवली. तो मेसेज वाचला आणि मग आठवलं, आणि तेव्हापासून जी चिडले आहे ती चिडलेलीच आहे. लोक म्हणतात, रड, मोकळी हो. मला रडायचं नाहीये. मला भांडायचंय, आणि ज्याच्याशी भांडायचं तो पळून गेला.

तुझं ते मोठं चित्र. तिथूनच सुरू करते, कारण आपलं भांडण तिथेच अर्धवट राहिलंय.

पाच फूट रुंदीचा जाड कागद तू गुंडाळीतून कापून घेतला होतास. गराजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर जुनं दार आडवं टाकून त्यावर तो पसरला होतास. गाडी वर्षभर बाहेर पावसात. चित्रात काय होतं? म्हटलं तर काहीच नाही. ना तळं, ना तळ्यात पडलेलं प्रतिबिंब, ना गुलाबी संध्याकाळ. इथल्याच साउथ आयलंडमधल्या आल्प्सचा एक उतार, खाली पिवळट गवत, वर घसरून आलेल्या दगडांचे करडे पट्टे, आणि त्याच्या वर बर्फ. शिखरसुद्धा पूर्ण नाही, कागद संपला तिथे ते कापलं गेलेलं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, “हे एवढंच?” तू म्हणालास, “थांब जरा.” मी थांबले, आणि थोड्या वेळाने मानेला गार वारा लागल्यासारखं झालं. गराजचं दार बंद होतं, दादा. अजूनही मला ते कसं झालं ते सांगता येत नाही. नजर त्या दगडांवरून चढत चढत बर्फापाशी जायची आणि तिथे तिला धरायला काही सापडायचं नाही. तरी ती तिथून हलायची नाही.

कारण तिथे तू काही काढलंच नव्हतंस. ब्रश बर्फाच्या कडेपर्यंत यायचा आणि थांबायचा. “जलरंगात बर्फ रंगवायचा नसतो, सोडायचा असतो,” असं तू सांगायचास. पांढरा रंग तुझ्या डब्यात कधी नव्हताच. दगडांच्या फटीतून उतरलेली बर्फाची बारीकशी रेघसुद्धा कोराच कागद होता. दोन्ही बाजूंनी करडा रंग आणून मधली केसाएवढी जागा वाचवायची. त्यासाठी तू श्वास रोखून धरायचास, हे मी पाहिलंय.

आणि हाच माणूस शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड घेऊन आला होता! स्मरणचित्रात आभाळ कोरं सोडलं म्हणून. सरावाच्या वेळीच चित्रकलेच्या सरांनी वर्गात सगळ्यांसमोर तुझा कागद उंच धरला होता. “कागद पांढरा दिसता कामा नये. कोरा कागद म्हणजे अर्धवट काम.” आपल्याकडच्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात हे वाक्य ठोकून बसवलेलं असतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, आणि उरलेल्या जागेत आकाशी रंग फासून टाकायचा. तू तेवढा एक त्यातून सुटलास, असं मला वाटायचं.

मी इथे शिकायला आले तेव्हा तू मला एकदा आल्प्स बघायला घेऊन गेला होतास. मला आओराकी बघायचा होता, इथला सगळ्यात उंच डोंगर, सगळे बघतात तो. तो दिवसभर ढगात होता. मी थंडीने गाडीतून उतरायला तयार नव्हते, फुलं काढलेले जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, घालून आले होते मी, हिवाळ्यात! तू दार उघडून माझ्या हातात थर्मासचं झाकण दिलंस आणि ज्याचं नावही कुणी घेत नाही अशा एका बाजूच्या डोंगराकडे बोट केलंस. मी लगेच म्हटलं, “छान आहे.” तू वैतागलास. “छान म्हणू नकोस. छान म्हटलं की माणूस बघायचं थांबतो. नुसतं बघ.” मग आपण नुसते बघत उभे होतो. चहा गार झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या देशात आपण राहू शकू. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, बरं मग आता बूट घे.

पण बघायला कोण तयार होतं? एका गॅलरीच्या बाईंकडे तू दहा-बारा चित्रं घेऊन गेलास, मी सोबत होते. बाई गोड होत्या. “किया ओरा” असा इथला नमस्कार केला, कॉफी दिली, चित्रं भराभर उलटली. म्हणाल्या, “लव्हली. पण डोंगर काय, हीप्स ऑफ पीपल काढतात. तुमचं स्वतःचं काही नाही का? तुमच्या कल्चरमधलं? रंग, सण?” तू हसून मान हलवलीस. बाहेर येऊन मी संतापले तर मला म्हणालास, “असू दे गं. तिला मी बाहेरचा दिसलो, त्यात तिची काय चूक?” इथल्यांना तुझ्याकडून हिंदुस्थान हवा होता. आणि आपल्यांना काय हवं होतं, ते सुहासकाकांनी दाखवलं.

काका मंडळाचे अध्यक्ष. ते तुमच्याकडे जेवायला आले आणि गराजमधलं चित्र बघून त्यांनी टाळीच वाजवली. “अरे वा, कैलास! श्रीरंग, यंदा आपल्या गणपतीची थीम ठरली.” तू म्हणालास, “काका, हा इथला आहे. साउथ आयलंडमधला.” काका म्हणाले, “हो रे, पण दिसतो कैलासच ना!” आणि तू हो म्हणालास. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं चित्र तू मखराच्या मागे लावायला देऊन टाकलंस. मागितलं म्हणून!

स्थापनेच्या दिवशी हिल्सबरोच्या हॉलमध्ये शिरलो, तेव्हा आधी मला कळलंच नाही काय बदललंय ते. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचा शंकर चित्रापुढे उभा केला होता, ते ठीक होतं, तो निघाला असता. मग दिसलं. बर्फ चमकत होता. तू सोडलेली एकूण एक जागा पांढऱ्या पोस्टर कलरने भरून टाकली होती, आणि वर चमकी. डेकोरेशनवाली पल्लवी धावत आली. घाम, केसांत चमकी, नाकाला पांढरा रंग. “श्रीरंगदादा, तुमचं बरंच राहिलं होतं, बघा. म्हटलं तुम्हाला टाइम नसेल मिळाला. दोन दिवस बसून पूर्ण केलं. माझी इंटरमीजिएटला ए ग्रेड आहे हं!”

मी तुझ्याकडे बघितलं. आता हा काय करतो? तू चित्राजवळ गेलास. थर्माकोलचा शंकर थोडा बाजूला सरकवलास, वाकून कडा बघितल्यास, अगदी नाक लावून. मग सरळ उभा राहिलास आणि म्हणालास, “छान झालंय.”

छान! तुझ्या तोंडून कौतुक म्हणून मी तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला. मला कधी मिळाला नाही, तुझ्या लेकीला, इराला नाही, वहिनीच्या पुरणपोळीलासुद्धा नाही. तो पल्लवीला मिळाला.

आरतीच्या आधी मी तुला बाहेर कार पार्कमध्ये ओढून नेलं. मी काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे. शेवटी म्हणाले, “तुला कणाच नाही, दादा. कुणीही यावं आणि तुझ्यावर चुना फासून जावं.” तू चपलांच्या ढिगाकडे बघत होतास. म्हणालास, “चल, आरती चुकेल.” बस. त्यानंतर दर रविवारी तुझा फोन यायचा माझ्या घरी पापाकुराला, पाऊस, मॉर्गेज, इराची युनिव्हर्सिटी. त्या विषयाला तूही हात लावला नाहीस आणि मीही नाही. मी ठरवलं होतं, पुढच्या गणपतीत या माणसाला पकडायचं आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडायचं नाही. मला वाटलं, पुढचा गणपती आहेच की.

काल शोकसभा झाली. त्याच हॉलमध्ये, रविवारी दुपारी. तुझ्या फोटोला हार, आणि मागे तेच चित्र. चमकीसकट. गणपतीनंतर ते परत आणायचंही तुला सुचलं नव्हतं, हे मला काल कळलं. माणसं भरपूर आली होती, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, वहिनीला कुणी गेला आठवडाभर स्वयंपाक करू दिला नाही. आपली माणसं पोटाच्या बाबतीत कधी चुकत नाहीत. सगळे एकच बोलत होते. श्रीरंग कधी कुणाला नाही म्हणाला नाही. कुणाचं सामान हलवायचं असो, एअरपोर्टवरून आणायचं असो, श्रीरंग हजर. मला प्रत्येक वेळी वाटत होतं की हे कौतुक नाही, ही माझी तक्रार आहे, आणि हे लोक ती माइकवर वाचून दाखवताहेत.

मग सुहासकाका उभे राहिले. म्हणाले, “कैलासाचं चित्र काढणारा आपला कलावंत आज स्वतः कैलासवासी झाला.” हॉलमधून हळहळ उमटली. “हे चित्र आता इथेच कायम लावायचं ठरवलंय. मेधाने परवानगी दिली आहे. खाली पितळी पाटी. कैलास, चित्रकार कै. श्रीरंग.”

मी वहिनीकडे बघितलं. ती कुजबुजली, “तो नाही म्हणाला नसता गं.” ते खरंच होतं, आणि त्यानेच माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. “काका, तो कैलास नाही. दादाने कैलास पाहिला नव्हता. कृपा करून तसं लिहू नका.”

मला वाटलं होतं, काका रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मी तयारीतच होते. पण ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बरं ताई. मग कुठला डोंगर आहे तो? नाव सांगा. पाटीवर तेच घालू.”

दादा, मला नाव माहीत नव्हतं.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. वर्षभर गाडी बाहेर पावसात ठेवून तू जो उतार काढलास, त्याचं नाव मी तुला विचारलं नव्हतं. बर्फ कसा सोडायचा ते विचारलं, गॅलरीवाल्या बाईला सुनावलं का नाहीस ते विचारलं, कणा आहे की नाही ते विचारलं. हे कुठलं आहे, एवढं काही विचारलं नाही. मी वहिनीकडे बघितलं, तर ती मान खाली घालून रुमालाची घडी करत होती. तिलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून इराचा आवाज आला. “इट्स द वन बिहाइंड द टॉयलेट्स.”

कुणीतरी “शूऽ” केलं. सगळे वळून बघायला लागले तशी ती गोरीमोरी झाली, पण थांबली नाही. “आर्थर्स पासच्या रोडवर. आय यूज्ड टू गेट कारसिक. बाबा ऑलवेज स्टॉप्ड देअर. पब्लिक टॉयलेट्स आहेत, आणि त्याच्या मागे ते आहे. मी आत थ्रो अप करायची अँड ही वुड जस्ट स्टँड देअर अँड वेट. एव्हरी हॉलिडे.” तिने खांदे उडवले. “डझन्ट हॅव अ नेम. आय चेक्ड.”

आधी एक लहान मूल हसलं. मग हळूहळू दोन-चार मोठे, मग वहिनीसुद्धा, हसता हसता रडायला लागली. काका माइक हातात धरून उभे होते. संडासांच्या मागच्या डोंगरापुढे आपण पाच दिवस आरती केली, हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उतरत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं त्यांचं. नाही वाटलं. काका म्हणाले, “ठीक आहे. ताई, मग नाव काय घालायचं ते तुम्ही मला मेसेज करा. पाटी उद्या करायला द्यायचीय.” आणि खिचडी गार होतेय, असं जाहीर केलं.

इराला घरी सोडायला मी घेऊन निघाले. वहिनीला तिच्या मैत्रिणी घेऊन गेल्या होत्या. गाडीत मी पल्लवीबद्दल बोलायला लागले, म्हणजे बडबडायलाच लागले. ती वडे वाढत फिरत होती, माझ्यासमोर येऊन डोळे पुसले तिने. म्हटलं, हिने चित्र मारलं आणि हीच रडतेय. आणि तुझा बाबा तिला छान म्हणाला. का म्हणाला? हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

इरा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “बाबा टोल्ड मी. त्या दिवशी, कारमध्ये. ही सेड शी डिडन्ट गो ओव्हर द लाइन. नॉट वन्स.”

मला कळलं नाही. तिने हाताने बारीक ब्रशची खूण केली. “तिने सगळे छोटे छोटे बिट्स भरले ना, रॉक्सच्या मधले. एव्हरी सिंगल वन. बाबा म्हणाला, नोबडी एव्हर लुक्ड अॅट इट दॅट लाँग.”

सिग्नल हिरवा झाला तेही इरानेच सांगितलं.

तर हे तुझं उत्तर. दोन दिवस जमिनीवर बसून, तू श्वास रोखून वाचवलेली एकेक रेघ त्या मुलीने शोधून काढली, कुठेही कडेबाहेर न जाता. तुझं चित्र जिने पुरतं बघितलं, तिनेच ते घालवलं. मी तर गार वारा लागला एवढ्यावर खूश होऊन घरी गेले होते. तू वाकून कडा तपासल्यास, तुला ते दिसलं, आणि तू तिला तिचं देणं देऊन टाकलंस. हे मला कार पार्कमध्ये सांगायला काय झालं होतं? मी ऐकून घेतलं नसतं, हे मला मान्य आहे. पण सांगायचं होतंस, दादा. मी आणखी भांडले असते. आपण भांडून संपवलं असतं. तू शहाणा होऊन गप्प बसलास, आणि मला हे तुझ्या पोरीच्या तोंडून, सिग्नलला उभं राहून ऐकावं लागलं. या गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही, निदान यंदा तरी नाही.

आज सकाळी काकांचा मेसेज आला. ‘ताई, पाटीचं काय?’ आर्थर्स पास लिहिलं, खोडलं. संडासांमागचा उतार लिहिलं, ते तर तुला फार आवडलं असतं, पण वहिनीचा विचार करून खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: ‘डोंगराला नाव नाही. पाटीवर ती जागा कोरी सोडा. खाली नुसतं श्रीरंग. आधी काही लावू नका.’

लगेच उत्तर आलं, जोडलेल्या हातांसकट.

‘ताई, कोरी जागा बरी दिसत नाही. पाटी अर्धवट वाटेल. कैलासच ठेवतो.’

तुला हसू आलं असतं. मला येत नाहीये.